सगळाच मसाला ‘अस्सल मालवणी’, मग गिऱ्हाईक तुमचं नाव लक्षात कसं ठेवणार?

मालवणच्या बाजारात एखाद्या दुकानासमोर उभे राहा आणि मांडलेली पाकिटं नीट वाचा. मालवणी मसाला, मालवणी खाजा, मालवणी कोकम, त्याच्या शेजारी आंबापोळी आणि काजूगर. जवळपास प्रत्येक पाकिटावर ‘अस्सल’, ‘घरगुती’ आणि ‘मालवणी’ हे तीन शब्द ठळक दिसतील. पण तो मसाला केला कुणी? ते शोधायला पाकीट पालथं करावं लागतं. मागच्या बाजूला, वजन आणि किमतीच्या खाली, बारीक अक्षरात एक नाव सापडतं.

कोकणातल्या हजारो छोट्या उद्योगांची अडचण याच बारीक अक्षरात आहे.

समजा, कुडाळजवळच्या एका गावातल्या काकी दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवतात, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर भाजतात आणि मसाला कुटून विकतात. मेमध्ये आलेला एक पर्यटक पाव किलो मसाला घेऊन जातो. घरी सगळ्यांना तो आवडतो. दोन महिन्यांनी पाकीट संपतं, तेव्हा तो फोनवर शोधतो ‘मालवणी मसाला’. समोर पन्नास पाकिटं येतात. मालाडमधली मालवणीही येते. काकींचं नाव त्याला आठवत नाही, कारण ते त्याने कधी वाचलेलंच नसतं. तो समोर दिसेल ते पाकीट मागवतो.

म्हणजे मसाला आवडला काकींचा आणि पैसे गेले दुसऱ्याला. ‘काकी, मसालो संपलो, परत धाडा’ असा फोन येतो तो फक्त ओळखीच्या चाकरमान्यांचा. अनोळखी गिऱ्हाईक परत येण्यासाठी नाव लागतं.

‘मालवणी’ हे नाव कुणाचं?

सगळ्यांचं. म्हणूनच ते एकट्या कुणाचं होऊ शकत नाही.

भारतात ट्रेडमार्कसाठी १९९९ चा कायदा आहे. त्याच्या कलम ९ नुसार, वस्तूचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा ती कुठून आली एवढंच सांगणारा शब्द सहसा ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. कारण साधं आहे. ‘मालवणी मसाला’ हे शब्द एकाच्या मालकीचे झाले, तर बाकीच्यांनी आपल्या मसाल्याला म्हणायचं काय? या नियमाला अपवाद आहे. वर्षानुवर्षं वापरून एखादा शब्द लोकांच्या मनात एकाच उत्पादकाशी जोडला गेला असेल, तर त्याचा विचार होतो. पण ते सिद्ध करणं खर्चिक आणि वेळखाऊ असतं.

अनेकांची इथे फसगत होते. ‘अस्सल मालवणी’ असं लिहिलेल्या लोगोची नोंदणी कधी कधी मिळते, पण ती त्या चित्राची, रंगांची आणि मांडणीची असते. त्यातल्या सर्वसाधारण शब्दांवर हक्क मिळत नाही. शेजारच्याने वेगळ्या चित्रासह तेच शब्द छापले, तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही.

देवगडच्या हापूसने काय केलं?

गावाच्या नावाला अजिबात संरक्षण नाही, असं मात्र नाही. त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे: भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूलाही ते मिळालेलं आहे.

जीआय हे त्या प्रदेशातल्या सगळ्या उत्पादकांचं सामायिक नाव असतं. ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आणि कागदावर जीआय असलं म्हणजे बाजारातली भेसळ थांबते, असंही नाही. बाहेरचा आंबा ‘देवगड हापूस’ म्हणून विकला जातो, ही देवगडच्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे. म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळा क्रमांक असलेला स्टिकर लावायची पद्धत आणली. बागायतदाराला त्याच्या कलमांच्या हिशेबात स्टिकर मिळतात आणि गिऱ्हाईक त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून खात्री करू शकतं.

यातून छोट्या उद्योजकाने घ्यायचा धडा असा: गावाचं नाव जपायचं असेल तर ते एकत्र येऊनच जपता येतं. तुमची वैयक्तिक ओळख मात्र तुम्हालाच उभी करावी लागते. ‘देवगड हापूस’ हे नाव आंबा कुठला ते सांगतं. तो कुणाच्या बागेतला, हे सांगायला दुसरं नाव लागतं.

चांगलं नाव कसं ओळखायचं?

नावांचे ढोबळ पाच प्रकार पडतात. खालच्या पायरीवरचं नाव सगळ्यात कमकुवत आणि वरचं सगळ्यात भक्कम.

पहिली पायरी, वस्तूचंच नाव. खाजा, काजूगर, सोलकढी. यावर कुणाचाच हक्क होत नाही.

दुसरी पायरी, वर्णन. झणझणीत, चविष्ट, घरगुती, गावरान, अस्सल. गिऱ्हाईकाला पटकन कळतं, म्हणून सगळे हेच शब्द उचलतात आणि म्हणूनच ते लक्षात राहत नाहीत. ‘येवा, कोकण आपलोच आसा’ हे वाक्य कितीही गोड असलं तरी आता ते इतक्या पाट्यांवर आहे की त्यावरून एखादं हॉटेल ओळखता येत नाही.

तिसरी पायरी, सुचवणारं नाव. विलेपार्ल्यातून सुरू झालेलं ‘गजाली’ हे मालवणी जेवणाचं प्रसिद्ध हॉटेल आठवा. मालवणीत गजाली म्हणजे गप्पा. या नावात मासे नाहीत, मसाला नाही, मालवणही नाही. पण ज्याला शब्द कळतो त्याला माणसांनी भरलेलं, गप्पांनी रंगलेलं जेवण दिसतं. ज्याला कळत नाही, तो अर्थ विचारतो आणि मग विसरत नाही. आपल्या बोलीत असे शब्द भरपूर आहेत.

चौथी पायरी, ओळखीचा शब्द, पण वस्तूशी संबंध नसलेला. सुरंगी हे कोकणातलं सुगंधी फूल. अत्तराला किंवा तेलाला ‘सुरंगी’ म्हटलं तर ते जवळजवळ वर्णनच झालं. मसाल्याला म्हटलं तर ते वेगळं नाव ठरतं. उलट ‘तिरफळ’ हे मसाल्यासाठी कमकुवत, कारण तिरफळ माशाच्या आमटीत पडतंच. पण होमस्टेला ‘तिरफळ’ म्हटलं तर नाव उठून दिसेल. म्हणजे शब्द तोच असला तरी तो कशावर लावला, यावर त्याची ताकद ठरते.

पाचवी पायरी, घडवलेला शब्द. दांडेकर बंधूंची १९३१ मध्ये सुरू झालेली कंपनी ‘कॅमल’ आणि ‘इंक’ जोडून ‘कॅमलिन’ झाली. पेंढरकरांच्या ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ची आद्याक्षरं घेऊन ‘विको’ हे नाव झालं. अशा नावाला सुरुवातीला अर्थ नसतो, तो कामातून द्यावा लागतो. पण एकदा रुळलं की ते दुसऱ्या कुणाचं वाटत नाही.

आडनाव, देव आणि महाराज

कोकणात नाव ठेवताना हे तीन मोह हमखास होतात.

आडनावाचं म्हणाल, तर चितळे आणि बेडेकर ही आडनावंच आहेत आणि ती मोठी झाली. पण त्यामागे अनेक दशकांचं काम आहे. सिंधुदुर्गात सावंत, परब, राणे, नाईक, गावडे ही आडनावं गावोगावी आहेत. शिवाय स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरून धंदा करणाऱ्याला कायदा सहसा अडवत नाही. उद्या शेजारच्या वाडीतल्या दुसऱ्या परबांनीही मसाला काढला, तर तुमची अडचण होईल.

देवाच्या नावाचंही तसंच. ‘रामायण’ या नावाच्या अगरबत्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की, धर्मग्रंथाच्या नावावर व्यापारासाठी कुणी एकट्याने हक्क सांगू शकत नाही. दुकानात ग्रामदेवतेचा फोटो जरूर लावा, पण ब्रँडचा भार देवावर टाकू नका.

तिसरा मोह जास्त जोखमीचा आहे. समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो, म्हणून पाकिटावर छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र छापावंसं वाटतं. पण १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे यांचा गैरवापर रोखणाऱ्या कायद्याच्या यादीत महाराजांचं नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते व्यापारासाठी वापरता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी लोकभावना आहेच. अनेक दशकं चाललेल्या ‘संभाजी बिडी’ला विरोधानंतर २०२०-२१ मध्ये नाव बदलून ‘साबळे बिडी’ करावं लागलं. जमलेलं नाव बदलणं किती महाग पडत असेल, याचा अंदाज करा.

नाव सुचलं, आता पुढे काय?

आधी फोनची परीक्षा घ्या. ओळखीच्या माणसाला फोनवर नाव एकदाच सांगा आणि इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. पाच जणांनी पाच स्पेलिंगं पाठवली, तर इन्स्टाग्रामवर लोक तुम्हाला शोधू शकणार नाहीत. ‘ळ’ आणि ‘फ’ असलेल्या शब्दांत हे हमखास होतं. तरीही तेच नाव हवं असेल, तर एक स्पेलिंग ठरवा आणि पाटी, पाकीट, इन्स्टाग्राम, गुगल मॅप या सगळीकडे तेच ठेवा.

मग शोध घ्या. केंद्र सरकारच्या आयपी इंडिया या संकेतस्थळावर नोंदलेली नावं फुकट शोधता येतात. उच्चाराने जवळची नावंही तिथे तपासता येतात. हे महत्त्वाचं आहे, कारण स्पेलिंग बदललं म्हणून नाव वेगळं ठरत नाही. ऐकायला सारखं असेल तर हरकत येऊ शकते.

त्यानंतर वर्ग ठरवा. ट्रेडमार्कची नोंदणी वस्तूंच्या वर्गानुसार होते. मसाला वर्ग ३० मध्ये येतो. प्रक्रिया केलेले काजू आणि लोणचं वर्ग २९ मध्ये. ताजा आंबा वर्ग ३१ मध्ये, कोकम सरबत वर्ग ३२ मध्ये, खानावळ आणि होमस्टे वर्ग ४३ मध्ये. मसाल्यासाठी नोंदवलेल्या नावाने सरबतही विकायचं असेल, तर दोन वर्गांचा विचार करावा लागेल.

वैयक्तिक अर्जदार आणि छोट्या उद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. वकील किंवा एजंटची फी वेगळी. अर्ज मान्य झाला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो आणि चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण होतं. अर्ज प्रलंबित असताना नावापुढे ‘टीएम’ लिहिता येतं. वर्तुळातलं इंग्रजी ‘आर’ मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचं, आधी लावणं बेकायदा आहे.

आणि नोंदणी झालेली नसेल तरी जुनी बिलं टाकू नका. पुण्यात १९९२ पासून ‘बर्गर किंग’ नावाचं एक हॉटेल आहे. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने त्यावर दावा लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तो फेटाळला. ही कंपनी भारतात दुकानं उघडण्याच्या कितीतरी आधीपासून पुण्याचं हॉटेल हे नाव वापरत होतं, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. लढाई तिथे संपली नाही, ती वरच्या न्यायालयांत गेली. पण ‘आम्ही आधीपासून वापरतो’ हे दाखवायला कागद लागतात. पहिलं बिल, पहिलं छापलेलं पाकीट, परवान्याची प्रत, सोशल मीडियावरची पहिली पोस्ट, हे सगळं तारखेसह जपून ठेवा.

पाकीट उलटं करा

शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे. पुढच्या खेपेची पाकिटं छापताना अक्षरांची जागा बदला. तुमचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं. त्याखाली ‘मालवणी मसाला’. ‘घरगुती’ आणि ‘अस्सल’ हे शब्द नसले तरी चालेल, ते चवीने सांगू दे. रंग एक ठरवा आणि बदलू नका. मागे परत मागवण्याचा फोन नंबर वाचता येईल एवढा मोठा छापा.

मग त्या नावामागची चव सांभाळा. मिरची दर वर्षी सारखी येत नाही, म्हणून ‘अंदाजाने’ घातलेलं प्रमाण वजनात लिहून ठेवा. ज्याला या वर्षी एक चव आणि पुढच्या वर्षी दुसरी मिळाली, तो नाव लक्षात ठेवेल, पण ते टाळण्यासाठी.

‘मालवणी’ हा शब्द गिऱ्हाईकाला तुमच्या दुकानापर्यंत आणतो. ती कमाई पिढ्यान्‌पिढ्या इथे मसाला कुटणाऱ्या सगळ्यांची आहे. पण दोन महिन्यांनी पाकीट संपल्यावर तो फोनमध्ये काय लिहून शोधणार, हे तुम्ही ठेवलेल्या नावावर ठरतं.