फातिहा : सात आयतींचे मागणे



पुष्कळ वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. दृष्टांताच्या ओघात मी सांगितले की, सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेत गीतेच्या श्लोकांबरोबर कुराणातली फातिहाही म्हणत. तेव्हा एक वृद्ध माळकरी हात जोडून उठले. "बुवा, त्यात आहे काय ते सांगा. मग ऐकायचं की नाही ते आम्ही ठरवू." मला सांगता आले नाही. न वाचलेल्या ग्रंथाचा दाखला मी व्यासपीठावरून दिला होता! पुढे विनोबांचे 'कुराण-सार' मिळवून वाचले. त्या माळकऱ्यांचे देणे आज फेडतो.

कुराणात 114 सुरा, म्हणजे अध्याय आहेत. त्यांत फातिहा पहिली. शब्दाचा अर्थच 'उघडणारी'. आयती सातच. 'बिस्मिल्लाह' ही पहिली आयत मोजावी की नाही, यावर त्यांच्या विद्वानांत मतभेद आहेत. पण एकूण संख्या सात, यावर एकमत आहे. नमाजाच्या प्रत्येक रकातीत ती म्हणायची असते. पाच वेळच्या फर्ज नमाजात रकाती 17, म्हणजे रोज निदान 17 वेळा. आपल्या हरिपाठासारखी नित्यनेमाची गोष्ट.

आता रचना पाहा. आरंभी स्तुती आहे. तो सर्व विश्वांचा पालनकर्ता, दयाळू, कृपाळू आणि अंतिम न्यायाच्या दिवसाचा धनी. येथवर देवाचे वर्णन 'तो' म्हणून चालते. मग एकाएकी वाणी वळते. 'तुझीच आम्ही भक्ती करतो, तुझ्यापाशीच साहाय्य मागतो', असा त्या आयतीचा भाव. 'तो' गेला, 'तू' आला. गुण गाता गाता भक्त समोर येऊन उभा राहिला. अभंगात असे वळण आले की कीर्तनकार तेथे थांबतो आणि टाळकरीही सावध होतात.

शेवटी मागणे येते. धन नाही, संतान नाही. फक्त सरळ वाट. ज्यांच्यावर कृपा झाली त्यांची वाट दे. ज्यांच्यावर कोप झाला, जे भरकटले, त्यांची नको. ते कोण, यावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे; सुरेत मात्र कोणाचे नाव नाही. आणखी एक खूण अशी की, एकटा माणूस म्हणाला तरी शब्द 'आम्हाला' असाच येतो. वारीच्या वाटेवर दिंडीने चालणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही.

म्हणून सगळे एकच, असे मी म्हणणार नाही. तेथे देवाला रूप नाही. आपला देव विटेवर उभा आहे. हा भेद मोठा आहे आणि तो झाकू नये. पण श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा 'योगसंग्राम' लिहून संतमालिकेत बसले, हेही आपणच मानतो.

आता इतिहास ऐका. एप्रिल 1947 मध्ये दिल्लीच्या वाल्मीकी मंदिरात गांधीजींच्या प्रार्थनासभेत कुराणपठणाला काही जणांनी हरकत घेतली. फाळणीच्या दंग्यांनी मने पोळलेली होती. गांधीजींनी कुराणाचा भाग गाळला नाही. पूर्ण प्रार्थनाच थांबवली. पुढे श्रोत्यांची संमती घेऊन ती पुन्हा सुरू केली. आणि 1 मे रोजी साने गुरुजी आपल्या पंढरीत उपोषणाला बसले, विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून. आसरा मिळाला तो तनपुरे महाराजांच्या मठात. याच गुरुजींनी पैगंबरांचे चरित्र मराठीत लिहिले आहे.

एका मंदिरात शब्दांना अडवले, दुसऱ्यात माणसांना. दोन्हीकडे प्रश्न दाराचाच होता. पंढरीचे दार उघडले, म्हणून आज आपण सारे एका रांगेत उभे राहतो.

ते माळकरी आज हयात नाहीत. त्यांनी 'नको' म्हटले नव्हते. 'सांगा' म्हटले होते. आधी ऐकावे, मग ठरवावे, एवढे त्यांनी मला शिकवले. ठरवणे तुमच्याकडे, माउली.

रामकृष्णहरी.