दाराचे आकडे : पोर्ट नंबरांची गोष्ट

आजची गोष्ट सिलतऱ्यातून सुरू होते. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं, की स्पंज आयर्नच्या कारखान्यांचा हा भाग येतो. माझी भाची इथल्या एका कारखान्यासाठी हजेरीचं मोबाइल अ‍ॅप बनवत होती. एके दुपारी तिचा फोन आला. "मामा, लॅपटॉपवर सगळं ठीक आहे, पण फोनवर अ‍ॅप उघडलं की नुसता लाल पडदा. इथले साहेब म्हणतात, पाच मिनिटं फायरवॉलच बंद करू."

मी जुना फौजी. पहारा पाच मिनिटं उठवायची भाषा ऐकली की अस्वस्थ होतो. म्हटलं, "थांब, मी येतो."

ही पोर्टची भानगड समजायला थोडं मागं जाऊ. संगणकाचा पत्ता एक असला, तरी आत कामं अनेक चालतात. म्हणून प्रत्येक कामाला आकडा लावलेलं एक दार, तेच पोर्ट. असे आकडे ० ते ६५५३५. मे १९७२ मध्ये, अमेरिकेतलं आर्पानेट अजून लहान असताना, जॉन पोस्टेल यांनी सुचवलं की कोणत्या कामाला कोणता आकडा हे ठरवून त्याची एक नोंद ठेवावी. १९९८ मध्ये निधन होईपर्यंत ते या कामात होते.

तेव्हा जाळ्यावरची माणसं मोजकी होती आणि भरवसा मोठा. २३ नंबरच्या टेलनेटवरून पासवर्ड उघडाच जाई. फिनलंडच्या तातू यलोनेन यांच्या विद्यापीठात पासवर्ड चोरले गेले, तेव्हा त्यांनी एसएसएच लिहिलं आणि जुलै १९९५ मध्ये २२ हा आकडा मागून घेतला. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमनं आपल्याकडे सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे आपण आत शिरलो, तेव्हा कुलपं नुकतीच बसू लागली होती.

अ‍ॅप बनवणाऱ्यांची दारंही ठरलेली आहेत. अँड्रॉइडचं एडीबी संगणकावर ५०३७ वर असतं, वायरलेस जोडणीसाठी फोनवर बहुधा ५५५५ वापरतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्हचा मेट्रो ८०८१ वर बसतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये एडीबी मायनर नावाचा किडा पसरला. तो शिरला कुठून? ५५५५ उघडं राहिलेल्या टीव्ही बॉक्ससारख्या उपकरणांतून. कुलूप कोणी फोडलं नव्हतं. दार उघडंच होतं.

सिलतऱ्यात पोचल्यावर दोष कळला. फोन वायफायवरून लॅपटॉपच्या ८०८१ कडे जात होता आणि फायरवॉल त्याला अडवत होती. म्हणजे पहारेकरी आपलं काम चोख करत होता! आम्ही फोन केबलनं जोडला आणि 'एडीबी रिव्हर्स' ही आज्ञा दिली. आता फोनच्या ८०८१ वर आलेली मागणी केबलमधूनच लॅपटॉपच्या ८०८१ ला पोचू लागली. अ‍ॅप उघडलं. कारखान्याच्या जाळ्याला हातही लावावा लागला नाही.

साहेब म्हणाले, "पाच मिनिटांचाच तर प्रश्न होता." मी म्हटलं, "साहेब, ती पाच मिनिटं संपली हे लक्षात कोण ठेवणार?" ते हसले, पण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तेव्हा मंडळी, हवं तेवढंच दार उघडा, काम झालं की बंद करा आणि कोणता आकडा उघडलात ते वहीत लिहून ठेवा. पोस्टेल यांनी नोंद ठेवायला सांगितलं, ते उगाच नव्हे. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.