आवाज काही लहान होत नाही

बावीस वर्षं बँकेत आकडेमोड केल्यामुळे प्रमाण म्हणजे काय, हे मला बऱ्यापैकी कळतं. 'एचओ' मापाच्या खेळातल्या रेल्वेत सगळं सत्त्याऐंशीपट लहान असतं. इंजिन, सिग्नल, स्टेशनमास्तर, सगळं एका हिशेबात. आवाज मात्र त्या हिशेबात बसत नाही. इवल्याशा इंजिनात मावेल एवढ्या स्पीकरमधून खर्ज निघतच नाही, आणि मेलगाडी डासासारखी गुणगुणते.

जर्मनीच्या मार्कलिन कंपनीनं १८९१ साली किल्लीची गाडी रुळांसकट बाजारात आणली, तेव्हा पत्र्याचा खडखडाट हाच तिचा आवाज. पुढे १९३५ साली अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीनं इंजिनामागच्या टेंडरमध्ये छोटी मोटर आणि पंखा बसवला. हवेच्या झोतानं शिट्टी वाजू लागली. आता खरी गंमत बघा. गाडी धावायची एसी विजेवर. शिट्टीचं बटण दाबलं की त्याच रुळांतून जराशी डीसी वीज जायची आणि टेंडरमधला रिले तेवढीच नेमकी ओळखायचा. एकाच खिडकीवर दोन खाती, आणि कधी घोटाळा नाही! आमच्याकडे याला तीन सह्या लागल्या असत्या.

मग हौस वाढली. युद्धानंतर अमेरिकन फ्लायरनं बोलणारं स्टेशन काढलं, आत चक्क ग्रामोफोनची तबकडी! दोन सिलिंडरच्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की चार वेळा 'भक्' व्हायला हवं, म्हणून १९७० च्या दशकात पॅसिफिक फास्ट मेलच्या यंत्रणेत चाकाच्या फिरण्याशीच आवाज जोडला गेला. स्पीकरला जागा पुरेना, तर लोकांनी तो टेबलाखाली ठेवला. माझ्या मते हाच सगळ्यात शहाणा शोध.

पण वाजवायला खरा आवाज हवा ना! ब्रिटिश रेल्वेनं १९५५ साली वाफेला निरोप द्यायचं ठरवलं. त्या दशकात पीटर हँडफर्ड नावाचे सिनेमाचे ध्वनिमुद्रक जडशीळ टेपरेकॉर्डर घेऊन रात्री-अपरात्री रुळांकडेला जाऊन बसत. पुढे 'आउट ऑफ आफ्रिका'साठी त्यांना ऑस्कर मिळालं; पण मला ते आवडतात ते चढावर धापा टाकणाऱ्या मालगाडीसाठी थंडीत कुडकुडल्याबद्दल. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मुख्य मार्गांवरची वाफ संपली. इंजिनं भंगारात गेली, धापा तबकड्यांवर राहिल्या. आता तर असे आवाज नखाएवढ्या चिपवर बसून टेबलावरच्या गाडीत फिरतात.

आमच्या शाखेत पासबुक छापणारा जुना प्रिंटर अजून किंचाळतो. टेपरेकॉर्डरवाला कुणी असेल तर त्यानं दुपारी दोनच्या आत यावं. नंतर जेवणाची सुट्टी असते.