वाट पाहण्याचं पुराण

नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ म्हणजे आगमनकाळ. महिनाभर नुसती वाट कशाला पाहायची, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर आपल्या मराठीतच आहे.

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या! त्याचे दोन भाग. पहिल्या पुराणात आदामापासूनची, तारणाऱ्याची वाट पाहणारी माणसं. येशूचा जन्म येतो थेट दुसऱ्या पुराणात.

पुढे ग्रंथावरही तीच पाळी आली. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवर बंदी घातली. १६५४ च्या आवृत्तीनंतर तो पुन्हा छापला गेला थेट १९०७ मध्ये, मंगळूरला. मधली अडीचशे वर्षं भाविकांनी तो हाताने उतरवून जपला. पुन्हा कधी छापला जाईल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहाऱ्यावरचा जवानही वाट पाहतो, पण जागा राहून. आगमनकाळ सांगतो ते हेच: वाट पाहायची ती हातातलं काम न सोडता.

जय हिंद.