अळंबीलाही श्वास लागतो

अळंबी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अंधारी, दमट, कोंदट खोली येते. खरं तर पावसाळ्यात रानात उगवणारी अळंबी किंवा गोव्यातली वारुळावरची ओळमी, दोन्ही उघड्यावर येतात. मग हे अंधाराचं खूळ आलं कुठून? त्याचं उत्तर पॅरिसच्या पोटात आहे.

जुनं पॅरिस चुनखडीच्या दगडाचं आहे आणि तो दगड शतकानुशतके शहराच्या खालूनच काढला गेला. त्यामुळे खाली रिकाम्या बोगद्यांचं जाळं तयार झालं. सतराव्या शतकात, चौदाव्या लुईच्या काळात, फ्रेंच माळी घोड्याच्या लिदीवर अळंबी पिकवत, पण ती वर बागेत. तिथे ऊनथंडीचा भरवसा नसे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी ती लीद खाणीत उतरवली आणि गणित जमलं. खाली बारा महिने थंडावा आणि ओलावा, दोन्ही फुकट! आज आपण बटन मशरूम म्हणून विकत घेतो, तीच ही 'पॅरिसची अळंबी'.

पण गुहा सगळंच देत नाही. अळंबी ही वनस्पती नव्हे. ती आपल्यासारखीच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. खाली लिदीचे लांबच लांब वाफे आणि काम करणारी माणसं, सगळे एकाच हवेत श्वास घेणारे. यावर खाणवाल्यांनी वरपर्यंत हवेच्या विहिरी काढल्या आणि काही ठिकाणी त्यांच्या तळाशी चक्क शेगडी पेटवली. गरम हवा वर जायची आणि दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जायची. पंखा नाही, वीज नाही. माझं काम हवा खेळवण्याचंच असल्यामुळे मला या लोकांचं फार कौतुक वाटतं.

अमेरिकेत हा धंदा रुजला तो मी राहतो त्या पेनसिल्व्हेनियात, केनेट स्क्वेअर नावाच्या छोट्या गावी. 1880 च्या दशकात विल्यम स्वेन हा फुलवाला काचघरात कार्नेशनची फुलं लावायचा. फळ्यांखालची जागा वाया जाते म्हणून त्याने तिथे अळंबी लावली. पुढे लक्षात आलं, की फुलांना हवी ती हवा अळंबीला चालत नाही, म्हणून स्वतंत्र घर बांधलं गेलं. म्हणजे गुहा जमिनीवर आली! आज अमेरिकेतली निम्म्याहून अधिक अळंबी याच राज्यात पिकते.

तरी नेमकं काय बिघडतं, हे मोजायला 1930 चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकी कृषी खात्याच्या ई. बी. लॅम्बर्ट यांनी 1933 साली वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा अळंबीवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. हा वायू साचला की देठ लांबतो आणि छत्री खुजी राहते. कारण समजायला सोपं आहे. छत्रीचं काम बीजाणू वाऱ्यावर सोडण्याचं. हवा कोंदट असेल तर अळंबी अजून पाचोळ्याखालीच असल्यासारखी वागते आणि मोकळ्या हवेच्या शोधात देठ ताणते. जपानी लोक एनोकी नावाची अळंबी मुद्दाम अशीच कोंडून वाढवतात. तिचे दोऱ्यासारखे लांब देठ हेच खाण्याचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पॅरिसचं, आमच्या पुण्या-नागपुरात काय? आपल्याकडे घरी बहुधा धिंगरी लावतात, भाताच्या किंवा गव्हाच्या काडाच्या पिशव्यांत. पहिले दोन-तीन आठवडे पिशवीत पांढरी बुरशी पसरते, तेव्हा खोली बंद ठेवलेली चालते. घोटाळा पुढे होतो. पिशवी पांढरी झाल्यावरही लोक खोली बंदच ठेवतात, कारण डोक्यात ती गुहा असते. नेमकी तेव्हाच ताजी हवा, मंद उजेड आणि 80 ते 85 टक्के आर्द्रता लागते. हवा आत घ्यावी तर ओल जाते, ही खरी अडचण. त्यावर उपाय आपल्या घरचाच आहे. खिडकीला ओलं गोणपाट लावा. वाळ्याचे पडदे आणि विदर्भातले कूलर याच तत्त्वावर चालतात: आत येणारी हवा ओली आणि गार होऊनच येते. कोकणातल्या पावसाळ्यात ओल आयतीच असते, तिथे हवा तेवढी हलती ठेवायची. देठ लांब आणि छत्री बारीक दिसली तर हवा वाढवा. छत्रीच्या कडा सुकून तडकल्या तर ओल वाढवा.

आणि एक गोष्ट, जी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ही हवा आपल्या फुप्फुसांतही जाते. 1959 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मशरूम कामगारांच्या श्वसनविकाराचं वर्णन छापून आलं. खताची धूळ आणि बीजाणू वारंवार छातीत गेल्याने ताप, खोकला, धाप असा त्रास होतो. धिंगरी तर बीजाणू भरपूर सोडते. म्हणून ती झोपायच्या खोलीत लावू नका, छत्रीच्या कडा सपाट व्हायच्या आत काढा आणि काढताना तोंडाला मास्क बांधा. घरात कुणाला दमा असेल तर पिशव्या गच्चीतल्या शेडमध्येच बऱ्या. पॅरिसच्या खाणीत ती हवेची विहीर वाफ्यांइतकीच माणसांसाठीही होती.