रिकामा पाट

माझ्या लहानपणी आमच्या घरी पाडव्याला पन्नास-साठ पाने होत. माजघरात एका वेळी वीसच पाट मावत, म्हणून तीन पंगती बसत. आणि त्या तिन्ही पंगतींवर देखरेख आजीची. तिचा एक नियम होता, त्याची आम्ही मुले फार थट्टा करीत असू. पाटावरचा माणूस उठला म्हणजे पाट रिकामा झाला, असे ती मानीत नसे. पान उचलले पाहिजे, जागा पुसली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे त्या पानासाठी स्वयंपाकघरातून निघालेला वाढपी परत फिरला पाहिजे. मग तो पाट दुसऱ्याला द्यायचा.

एका वर्षी आजी तापाने निजून होती, आणि त्याच वर्षी व्हायचे ते झाले. दारापासून तिसऱ्या पाटावर काका बसले होते. त्यांनी कढी मागितली, आणि तेवढ्यात कोणी हाक मारली म्हणून ते उठून गेले. कोणा उत्साही माणसाने चटकन पान उचलले, नवे मांडले, त्यावर पाहुण्यांच्या मुलाला बसवले आणि श्रीखंड वाढले. इकडे वाढपी कढी सांडू नये म्हणून भांड्यावर डोळे ठेवून, पाट मोजीत, “दारापासून तिसरा” असे मनाशी घोकीत आला आणि त्याने ती श्रीखंडावर ओतली. मुलाने जो गळा काढला तो मला अजून ऐकू येतो. गंमत अशी की दोष कोणाला द्यावा हे शेवटपर्यंत ठरेना. वाढप्याने सांगितलेल्या पाटावर वाढले, पाट देणाराने रिकामा दिसलेला पाट दिला, आणि मुलगा तर बिचारा बसवले तेथे बसला होता!

ही जुनी गोष्ट चार वर्षांपूर्वी मला एकाएकी आठवली. मी पेशाने इतिहासाचा मास्तर. यंत्रविद्येत माझी गती बेताचीच. परंतु सेवानिवृत्तीनंतर एक उद्योग मी नेटाने केला होता. आमच्या आत्याला जात्यावरच्या ओव्या येत. तिच्या शेवटच्या तीन वर्षांत मी समोर बसून त्या वहीत उतरवून घेतल्या आणि मागाहून संगणकावर टंकित केल्या. अकराशेंच्या वर भरल्या. भाच्याने त्या आपल्या एका परिचिताच्या यंत्रावर ठेवण्याची सोय केली. त्याच यंत्रावर एका बांधकाम-कंत्राटदाराचाही हिशोब असे. एके संध्याकाळी मी काही शुद्धलेखन सुधारून मजकूर पुन्हा साठवला आणि झोपलो. सकाळी उघडून पाहतो तो माहेरच्या ओव्या चालू असता मध्येच सिमेंटची पोती, सळ्या आणि वाळूच्या गाड्या! पाने उलटता उलटता हाताला थकवा आला, तेव्हा कोठे पुन्हा ओवी सुरू झाली. मधल्या तीनशे ओव्या नाहीशा झाल्या होत्या. वह्या मी टंकन होताच रद्दीत घातल्या होत्या. हा दोष मात्र सर्वस्वी माझा.

भाच्याने दोन दिवस तपास केला आणि मग मला म्हणाला, “मामा, तुमच्या ओव्या कोणी पुसल्या नाहीत. तुम्हांला दिलेल्या जागेवर दुसऱ्याचं वाढप झालं.” मी चमकलोच. त्याला आमच्या पाडव्याची हकीकत ठाऊक नव्हती. इतिहासाच्या माणसाला एवढे पुरते. ही चूक प्रथम कोणी ओळखली आणि तिच्यावर काय इलाज झाला, याच्या मागे मी लागलो. जे हाती आले ते येथे सांगतो.

चकत्यांवर मजकूर साठवण्याची विद्या तशी फार जुनी नाही. 1956 साली कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे आय.बी.एम. कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचे यंत्र सिद्ध केले. त्यात 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या एकावर एक फिरत, वजन टनाच्या वर, आणि सगळे मिळून मावत जेमतेम 50 लाख अक्षरे. चकतीचे लहान लहान खण पाडलेले असतात आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो. आरंभी कोणत्या खणात काय ठेवायचे हे आज्ञावली लिहिणारा माणूसच ठरवी. म्हणजे पंगतीला जो तो आपला पाट घरून घेऊन येई म्हणा ना. पाट कोणाला द्यायचा हे यंत्रानेच ठरवावे अशी व्यवस्था पुढे आली, आणि आपली गोष्ट तेथून सुरू होते.

1969 साली न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. तीत रिकाम्या खणांची एक यादी असे. मजकूर काढून टाकला की त्याचे खण यादीत येत, नवा लिहिला की यादीतून जात. पण गतीसाठी यंत्र या नोंदी प्रथम आपल्या स्मरणात करी आणि चकतीवर मागाहून, साधारण अर्ध्या मिनिटाच्या अंतराने, उतरवी. तेवढ्यात यंत्र बंद पडले तर? स्मरणातला हिशोब सांगे की खण मोकळा होऊन दुसऱ्याला दिला, आणि चकतीवरची जुनी वही सांगे की तो अजून पहिल्याचाच आहे. यंत्र पुन्हा सुरू करावे तो एकाच खणावर दोन धनी हक्क सांगत उभे! असे तंटे हुडकण्यासाठी टेड कोवाल्स्की यांनी सत्तरीच्या दशकात एक तपासनीस आज्ञावली लिहिली. ती सारी चकती धुंडाळून दुबार हक्काचे खण दाखवी, आणि ज्यांना नावगाव उरले नाही असे तुकडे ‘हरवले-सापडले’ नावाच्या कप्प्यात आणून टाकी. तो कप्पा अजूनही पुष्कळ यंत्रांवर असतो. तो प्रथम पाहिला तेव्हा मला जत्रेतल्या पोलीस चौकीची आठवण झाली.

पण तपासनीस म्हणजे झालेल्या चोरीचा पंचनामा. चोरी होऊच नये म्हणून काय करावे? याला एक फार सुंदर उत्तर सॅन होजेच्याच आय.बी.एम.च्या शाळेतून आले. रेमंड लोरी यांनी 1977 साली ‘सावलीच्या पानां’ची युक्ती मांडली. जुन्या पानावर लिहायचेच नाही! बदल करावयाचा तो कोऱ्या पानावर, दुसरीकडे. जुने तसेच राहू द्यावे. सगळी नवी पाने चकतीवर स्थिरावली की मग एका झटक्यात अनुक्रमणिका बदलावी, आणि त्यानंतरच जुन्या पानाला रजा द्यावी. मध्ये वीज गेली तरी जुना मजकूर अक्षत. या युक्तीवर माझा फार जीव आहे, हे मी लपवीत नाही. पुढे त्याच मंडळींनी मोकळेपणाने लिहून ठेवले की ही रीत त्यांना महाग पडली. शेजारची पाने दूर दूर विखुरली जात, आणि नुसत्या रोजनाम्यावर भागवले असते तर बरे झाले असते. स्वतःच्या शोधाविषयी असे लिहिणारे लोक मला आमच्या क्षेत्रात थोडेच भेटले. असो.

तिकडे बर्कली येथे मार्शल मॅकुसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्सची साठवण नव्याने बांधली. तिचा वृत्तांत 1984 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सावधगिरीचा सरळ मार्ग धरला: महत्त्वाची नोंद चकतीवर उमटेपर्यंत थांबायचे, मग पुढची करायची. आजीची शिस्त ती हीच. परंतु थांबणे म्हणजे वेळ, आणि यंत्राच्या जगात वेळेची कंजुषी अशी की विचारू नका. तेव्हा 1994 साली मिशिगन विद्यापीठातील ग्रेगरी गँजर आणि येल पॅट यांनी विचार केला की सगळ्यांनीच सगळ्यासाठी थांबण्याचे कारण नाही. कोणी कोणासाठी थांबायचे एवढे नेमके ठरवले की पुरे. त्यांनी तीन नियम घातले. जे अजून तयार झाले नाही त्याकडे बोट दाखवू नये. जुनी सगळी बोटे हटल्यावाचून जागा पुन्हा वापरू नये. आणि जिवंत वस्तूकडे नवे बोट वळल्याशिवाय जुने काढू नये. मधला नियम वाचला आणि मी कागद खाली ठेवला. आजीने हे मिशिगनच्या किती आधी सांगितले होते!

येथे हा इतिहास संपावयास हवा होता, पण नियम कळणे निराळे आणि तो कोठे कोठे लागतो हे कळणे निराळे. याच सुमारास रोजनाम्याची रीत सर्वत्र पसरत होती: काय करणार ते आधी एका वहीत टिपायचे, मग करायचे, यंत्र पडले तर उठल्यावर वहीप्रमाणे काम पुन्हा करायचे. स्टीफन ट्वीडी यांनी लिनक्स प्रणालीसाठी असा रोजनामा बांधला; 2001 साली तो मूळ लिनक्समध्ये आला. त्यात एक सूक्ष्म काटा होता. समजा, एका खणात कप्प्याची सूची होती आणि तिची टीप रोजनाम्यात आहे. कप्पा काढून टाकला, खण मोकळा झाला, त्यात कोणाचे पत्र लिहिले गेले. पत्राचा मजकूर काही रोजनाम्यात टिपला जात नाही. तेवढ्यात वीज गेली. यंत्र उठले, वही उघडली, आणि प्रामाणिकपणे जुनी सूची पुन्हा त्याच खणात, पत्राच्या डोक्यावर, लिहून मोकळे! वहीतली शिळी टीप हाही वाटेत असलेला वाढपीच होता. म्हणून ट्वीडींनी ‘ही टीप रद्द’ अशी निराळी नोंद ठेवली, आणि तीही चकतीवर. कारण हा वाढपी वीज गेल्यानेही मरत नाही.

आता माझ्या ओव्यांकडे येतो. आजकाल पुष्कळ संगणक खरे नसतातच. एका यंत्राच्या पोटात दुसऱ्या यंत्राचे सोंग उभे केलेले असते. कल्पना जुनी आहे, आय.बी.एम.ने 1972 सालीच अशी प्रणाली विकावयास काढली होती. आतल्या यंत्राला वाटते आपल्याला चकती आहे. वस्तुतः ती बाहेरच्या यंत्रावरची एक फाईल, चकतीची प्रतिमा, असते. फ्रान्सचे फाब्रिस बेलार यांनी 2003 साली ‘केमू’ नावाची अशी आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्या प्रतिमेच्या प्रकाराला ‘क्यूकाऊ’ म्हणतात. त्याचा वसुबारसेशी काही संबंध नाही, ‘लिहिताना नक्कल’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. ओव्या ज्या यंत्रावर होत्या त्याची प्रतिमा याच धर्तीची होती. अशा प्रतिमेचा खण सहसा 64 किलोबाइटांचा, आणि देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट खाते. हिशोब केला तर एका खणात एकवीस हजारांवर चिन्हे बसतात. माझ्या तीनशे ओव्या!

या प्रतिमेत प्रत्येक खणापुढे आकडा असतो: याच्याकडे किती नोंदींची बोटे आहेत. शून्य झाला की खण मोकळा. आतले यंत्र ‘अमुक जागा मला नको’ असे कळवू शकते. त्यासरशी नोंद खोडली जाते आणि आकडा उतरतो. भाच्याचे निदान असे. कंत्राटदाराच्या हिशोबाचा मजकूर एका खणाकडे निघाला होता, अजून पोचला नव्हता. तेवढ्यात त्याच जागेविषयी ‘नको’ असा निरोप आला. आकडा शून्य, खण मोकळा. त्याच क्षणी माझा सुधारलेला मजकूर जागा मागत आला आणि त्याला तोच खण मिळाला. ओव्या तेथे लिहिल्या गेल्या, आणि मग मागून वाळू-सिमेंट येऊन वर पडले.

कंत्राटदाराने एकाच जागी लिहावे आणि तीच नको म्हणावे, यात त्याच्या स्वतःच्या मजकुराचे काय व्हावे यावर वाद घालता येईल. पण शिक्षा झाली ती या भानगडीत नसलेल्या तिसऱ्याला. आकडा खोटा नव्हता. तो वहीतली बोटे मोजीत होता. वाटेवरचे हात मोजण्याचे काम त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

यावरचे इलाज दोन. एक, ‘नको’ हा निरोप त्या खणाकडे निघालेली लिखाणे पोचेपर्यंत थोपवून धरायचा. दुसरा, जो मला अधिक पटतो, खणागणिक आणखी एक आकडा ठेवायचा: याच्याकडे किती लिखाणे निघाली आहेत. वहीचा आकडा शून्य झाला तरी हा दुसरा शून्य होईतो खण कोणालाही द्यायचा नाही. मौज अशी की हा दुसरा आकडा चकतीवर लिहावाच लागत नाही. वीज गेली की वाटेवरचे हात आपोआप नाहीसे होतात, त्यांच्याबरोबर आकडाही. ट्वीडींच्या शिळ्या टिपेचे मात्र तसे नव्हते.

भाच्याला मी विचारले, “1994 सालीच नियम ठाऊक होता, तर मग पुन्हा असे का व्हावे?” तो म्हणाला, “मामा, प्रत्येक थराला वाटतं आपल्याखाली जमीन आहे.” मला हे उत्तर पुरेसे वाटले नाही. नियम पाटांचे होते आणि प्रतिमा लिहिणाऱ्यांनी ते खतावणीचे समजून पाळले, असे माझे मत आहे. पण ती विद्या त्याची. मी वाद वाढवला नाही.

कंत्राटदाराला यातले काही कळले नाही; त्याचा हिशोब नव्या जागी सुखरूप होता. लोरींचा लेख मी दोनदा वाचला, आणि दोन्ही वेळा रद्दीत गेलेल्या वह्या डोळ्यांपुढे आल्या. आत्याची धाकटी मुलगी सध्या गावीच असते. तिला चाळीस-एक ओव्या येतात असे ती फोनवर म्हणाली. भाऊबीजेला गेलो की उतरवून घेईन. नवी वही आणून ठेवली आहे.