घुबड-नाणे (अथेन्स)

प्राचीन अथेन्स नगरराज्याचे चार द्राख्मा मूल्याचे चांदीचे नाणे. वजन सुमारे १७.२ ग्रॅम. इ. स. पू. ६ व्या शतकाच्या अखेरीस ते पाडले जाऊ लागले. दर्शनी बाजूस शिरस्त्राणधारी नगरदेवता अथीना. मागील बाजूस चौकोनी खळग्यात तिचा पवित्र पक्षी घुबड, ऑलिव्हची डहाळी व नगरनामाची तीन ग्रीक आद्याक्षरे. पर्शियन युद्धांनंतर शिरस्त्राणावर ऑलिव्हची पाने आणि घुबडाजवळ चंद्रकोर आली. चांदी मुख्यतः लॉरियनच्या खाणींतून मिळे. चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकत. परदेशी व्यापारात नाण्याची ओळख टिकावी म्हणून जुनीच घडण दीर्घकाळ राखली गेली. ईजिप्त व पश्चिम आशियात त्याच्या नकलाही निघाल्या. ग्रीसच्या १ युरोच्या नाण्यावर हेच घुबड आहे.